पट्टीखालचं नाव

काका, तुमची ती रेकॉर्ड आता माझ्यासमोर टेबलावर आहे. काकूंनी काल आणून दिली. तुमच्याच पद्धतीनं आणली, कोरड्या पंच्यात गुंडाळून, वर-खाली पुठ्ठा घालून, आइसबॉक्समध्ये. एकच मजला उतरायचा होता आणि आपल्या जिन्यात ऊन येत नाही, तरी आइसबॉक्स. "ह्यांच्या वस्तूला गरम हवा लागली तर हे तिथून परत येतील," काकू म्हणाल्या, आणि तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मला सांगितलंय. जन्म कुडाळचा, नोकरी रिफायनरीत, छंद गाण्यांचा, स्वभाव मिश्कील, हे सगळं त्यांच्याकडे टाइप होऊन तयार आहे. तेवढंच छापायचं असेल तर माझी गरज नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि त्यात मी शेवटचं जे बोलले ते तसंच राहू देणं मला जमणार नाही.

आपली ओळखही भांडणानंच झाली. चौऱ्याण्णव साल. मी परभणीहून कुवेतच्या अबू हलीफात नवी आलेले. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम.ची पदवी मी बॅगेत साड्यांच्या मधोमध ठेवून आणली होती आणि माझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, ती हॉलमध्ये फ्रेम करून टांगली होती. तिचा उपयोग तेवढाच. दिवसभर मी घरात, आणि छतावर धप धप धप. तुमच्या घरात कुणीतरी मुसळानं जमीन ठोकतंय असं वाटायचं. पाचव्या दिवशी मी पदर खोचून वर आले.

दार तुम्ही उघडलंत. मी म्हटलं, "कामून एवढा आवाज करता हो तुम्ही? खाली माणसं राहतात."

तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. म्हणालात, "परभणी का नांदेड?"

"परभणी."

"बस. आधी आयक. मग भांड."

आणि तुम्ही ती छोटी काळी तबकडी, बशीएवढी, दोन तळव्यांमध्ये कडांनी धरून मशीनवर ठेवलीत. सुई टेकवताना तुमचा श्वास थांबलेला मला दिसला.

मराठी मीडियमची मुलगी मी. त्या बाईच्या इंग्रजीतला एक शब्द मला कळला नाही. पण ढोल लग्नाच्या वरातीसारखे पळत होते, आणि त्यांच्यावर ती बाई अशी गात होती की तिचं सगळं गेलंय. मागे टाळ्या. चार हमाल मिळून गाठ उचलताना जो हुंकार देतात ना, तसल्या टाळ्या. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ऐकलेला तो हुंकार, इतक्या वर्षांनी, कुवेतमध्ये, तुमच्या सोफ्यावर. अडीच मिनिटांत गाणं संपलं. माझा पदर अजून खोचलेलाच होता.

मी विचारलं, "हे दुःखाचं आहे का आनंदाचं?"

तुम्ही आत बघून ओरडलात, "अगो सुलभा, चहा ठेव. खालच्या पोरीक कळला."

पुढे आमची मुक्ता सहा वर्षांची असताना तिनंही हेच विचारलं, तिच्या भाषेत. "इट्स सो सॅड, आजोबा. मग एवढं फास्ट का?" तुम्ही तिला कडेवर घेऊन खोलीभर नाचलात. म्हणालात, या एका प्रश्नासाठी इंग्लंडमधली माणसं आयुष्य घालवतात.

त्या दिवशी चहाबरोबर तुम्ही मला जे सांगितलंत ते मला तेव्हा थापा वाटल्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची साठच्या दशकातली गाणी. मोठ्या कंपन्यांची नाहीत, दोन खोल्यांत चालणाऱ्या छोट्या कंपन्यांची. पाचशे-हजार तबकड्या काढायच्या, खपल्या नाहीत की कंपनी बंद. तिकडे ती गाणी मेली. आणि दहा वर्षांनी उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत, आठवडाभर मशीनवर राबलेली पोरं सुट्टीला एका हॉलमध्ये जमून त्याच मेलेल्या गाण्यांवर घाम निथळेपर्यंत नाचायला लागली. नॉर्दर्न सोल म्हणतात त्याला, तुम्ही सांगितलंत. जे गाणं कुणाकडे नाही ते सगळ्यात मोठं. त्यामुळे रेकॉर्ड वाजवणारे आपलं गाणं लपवायचे. खऱ्या लेबलवर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची आणि वर भलतंच नाव लिहायचं, म्हणजे समोरच्यानं वाकून वाचलं तरी तो चुकीच्या माणसाला शोधत फिरेल.

"ही बघ," म्हणून तुम्ही तबकडी दाखवलीत. मधोमध पिवळट कागद, त्यावर निळ्या शाईत हातानं लिहिलेलं: जिनी कार्व्हर. "अशी बायच नाय जगात," तुम्ही म्हणालात. "रॉयनं वीस वर्षांच्या याद्या बघितल्या."

रॉय म्हणजे तुमचा फोरमन. तिथल्याच एका गिरणगावातून आलेला, वर्कशॉपमध्ये प्रेशरच्या घड्याळांशेजारी टेपरेकॉर्डर ठेवणारा. त्यानं तुम्हाला हा नाद लावला. नव्वदच्या उन्हाळ्यात तो रजेवर गेला, ऑगस्टात इराकचं सैन्य आलं आणि इथं जे झालं ते झालं, आणि तो परत आला नाही. तुम्ही दोन वर्षांनी परत आलात. आणि एका शुक्रवारी दाराच्या बिजागऱ्या शोधायला अम्गराला गेलात.

अम्गराची ती गोष्ट तुम्ही मला किमान तीसदा सांगितली असेल. भंगाराचं यार्ड, उजाड फ्लॅटांतून आलेलं सामान. एसींचा डोंगर, गाद्या, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, त्यावर वाळू. आणि एका पत्र्याच्या पेटीत ही बाई. यार्डवाला पठाण म्हणाला, पेटी घेतलीस तर आतला कचरा फुकट. कुणाची पेटी, तो जिवंत आहे की नाही, काही कळलं नाही. डेट्रॉइटच्या खोलीत गायलेली बाई, गिरणगावाच्या हॉलमध्ये वाजलेली, कुठल्या तरी इंग्रजाच्या बॅगेतून इथं आलेली, लढाईतून आणि दोन उन्हाळ्यांतून वाचलेली. तुम्ही ती घरी आणून, धुऊन, सुईखाली ठेवलीत आणि ती गायला लागली. तुम्ही म्हणायचात, "देवळात जातंस ना? ह्या काय कमी आसा?" मी हसायचे. आता नाही हसत.

तुमच्याएवढं लक्ष देऊन कुठल्याच वस्तूकडे बघणारा माणूस मी पाहिला नाही. गाणं संपल्यावर तबकडीवर जी मोकळी गुळगुळीत जागा उरते तिथं सुईनं ओरखडलेले बारीक आकडे असतात. भिंग लावून तुम्ही ते वाचायचात आणि सांगायचात की ही कुठल्या शहरात दाबली, त्याच हातानं ओरखडलेली दुसरी कुठली, आणि त्याचा सात असा तिरका का पडतो. रिफायनरीत मीटर तपासायची वजनं असतात तसली चिमुकली वजनं वापरून तुम्ही सुईचा भार मोजायचात. दहावी झालेला माणूस. मी पदवीधर, मला त्या जागेत आकडे असतात हेही ठाऊक नव्हतं.

आणि ती पदवी भिंतीवरून खाली काढलीत तीही तुम्हीच. "काय गो, फ्रेमीत घालून ठेवलंस? तिका काम दी." रॉयनं तोवर तिकडे छोटी कंपनी काढली होती, हरवलेली जुनी गाणी सीडीवर आणणारी. त्याची पत्रं यायची, सोबत करारांच्या प्रती. तुम्हाला ते इंग्रजी झेपायचं नाही. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. लायसन्सर, लायसन्सी, असायनमेंट, टेरिटरी. वर्षभरात मला ती भाषा आली. तुम्हीच मिरकाबच्या त्या कन्स्ट्रक्शन कंपनीत शब्द टाकलात, आणि मुलाखतीत जेव्हा समोरच्यानं करार पुढे सरकवला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला. आज त्या ऑफिसात करारांचं टेबल माझं आहे. माझं शिक्षण पहिल्यांदा कुणाला लागलं असेल तर तुम्हाला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "बरा, आता पुढचा पान वाच."

आता त्या उन्हाळ्याबद्दल.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत तुम्ही आणि काकू गावाला गेलात. इथला रिवाजच आहे, रजेवर जाणाऱ्याच्या घरात शेजाऱ्यानं एसी चालू ठेवायचा, नाहीतर परत येईस्तोवर सगळं वितळतं. किल्ली माझ्याकडे. रोज संध्याकाळी मी वर जायचे, एसी बघायचे, तुळशीला पाणी घालायचे. आणि ती रेकॉर्ड दिसायची. जिनी कार्व्हर.

आमच्या ऑफिसात टेंडरच्या कागदात एखादी ओळ बदलली की जुन्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवून वर ख़तम मारतात. इथं ख़तम म्हणजे सगळं. शिक्का असेल तर कागद खरा, नसेल तर रद्दी. आणि खालची जुनी ओळ वाचायची झाली तर किटलीच्या वाफेवर पट्टी सोडवायची, हे मला वर्षभरात कुणीही न शिकवता आलं होतं. मी त्यात हुशार होते. पट्टी न फाटता काढायचे.

तुम्ही परत याल तेव्हा मी खरं नाव सांगेन, तुम्ही थक्क व्हाल, असं मनात धरून मी किटली ठेवली.

पट्टी निघाली. पण तिच्याबरोबर खालच्या लेबलचा वरचा पापुद्राही निघाला, नेमका नावाच्या जागी. आणि तबकडीच्या एका बाजूला वाफ लागून ती वाकली. अगदी थोडी, पापडाची कड उचलते तेवढी. मी ती दोन पाट्यांमध्ये दाबून ठेवली, वर पोळपाट ठेवला, देवाला नारळ बोलले. काही झालं नाही. एका जागी सुई वर चढायची आणि उतरायची, आणि तिथं त्या बाईचा आवाज होडीसारखा डुलायचा.

तुम्ही बॅगा घेऊन जिना चढत होतात तेव्हाच मी सांगितलं. लपवलं नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहिते. आत गेलात, दार लावलंत. एक महिना छतावर धप धप नाही. काकू खाली येऊन खोबऱ्याच्या वड्या देऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बोलतील गं. ह्यांची आई वारली तेव्हाही महिनाभर असेच होते."

महिन्यानं तुम्ही आलात. हातात चिमटा, चिमट्यात ती पट्टी. म्हणालात, "तुझो आरसो दी."

मी टिकली लावायचा गोल आरसा दिला. तुम्ही पट्टी उलटी करून त्याच्यासमोर धरलीत आणि मला बोलावलंत. पट्टीच्या पाठीला चिकटून आलेला तो पापुद्रा कांद्याच्या सालीइतका पातळ होता, त्यातून छापलेली अक्षरं उलटी दिसत होती. आरशात ती सुलटी झाली. एक एक अक्षर तुम्ही बोटानं हवेत लिहीत वाचलंत.

ओडेसा प्रुइट.

तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात खालीच बसलात, फरशीवर. मीही बसले. वीस-पंचवीस वर्षं एका भलत्या नावाखाली गात होती ती. मग तुम्ही म्हणालात, "रेकॉर्ड वाकवलंस नि बाय शोधून काढलंस. आता मी तुका काय बोलू?"

रॉयला फोन तुम्ही बूथवर जाऊन स्वतः केलात. मला नेलं नाहीत. त्यानंतर रॉयची पत्रं "डिअर डॅशबोर्ड" अशी सुरू व्हायला लागली. मी विचारलं, हे काय नवीन? तुम्ही म्हणालात, "मी मीटरवालो ना. मस्करी करता तो." मी पुढचं पान वाचलं.

नाव मिळालं आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली. ती दोन खोल्यांची कंपनी कधीच बुडालेली. मालकानं जाता जाता टेपा शिकागोच्या एकाला विकल्या. त्यानं न्यूयॉर्कच्या कंपनीला. पण मालकाच्या मेव्हण्यानं त्याच टेपा आधीच एका इंग्रज कंपनीला विकून ठेवल्या होत्या. शब्द आणि चाल यांचे हक्क तिसऱ्याकडेच, आणि गीतकार म्हणून कागदावर मालकाच्या बायकोचं नाव, जिनं रॉयच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मी ऑफिसच्या ड्रॉइंगशीटवर त्याचा तक्ता काढला, बाणांचा. तुम्ही तो स्वयंपाकघरात लावलात. काकूंनी तो फ्रिजमागे ढकलला. म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या जमिनीच्या वाटण्या याच्यापेक्षा सोप्या होत्या."

पण मी तो सोडवला, काका. दोन वर्षं लागली, पण सोडवला. न्यूयॉर्कच्या कंपनीचा धागा सलग होता. त्यांचं पत्र आलं, सहीचं, शिक्क्याचं: सर्व हक्क आमचे, रॉयच्या कंपनीला परवानगी आहे. आता फक्त रेकॉर्ड पाठवायची, कारण तिची दुसरी प्रत रॉयला कुठंच सापडली नव्हती. वाकलेल्या जागेचं आम्ही मशीनवर बघून घेऊ, तो म्हणाला होता. मी ते पत्र घेऊन धावत वर आले.

तुम्ही वाचलंत. विचारलंत, "ह्याच्यात तिची सही खंय?"

"तिची कशाला लागतेय? तिनं त्या दिवशी गायलं, कंपनीनं रेकॉर्ड केलं. हक्क कंपनीचा. कंपनीनं विकला. हे बघा, ख़तम आहे."

"माका ख़तम दाखवू नको. ज्या बायन ता गाणा म्हटल्यान, ती खंय आसा, ता सांग आधी."

तिच्या नावाचा एकही करार कुठल्याच कंपनीकडे नव्हता. रॉय म्हणाला, त्या काळी नसायचेच. तुमची अट साधी होती. सीडीच्या कागदावर एक ओळ छापायची: हे गाणं ओडेसा प्रुइट यांनी गायलं आहे, त्यांना विचारलेलं नाही, त्या सापडलेल्या नाहीत. न्यूयॉर्कवाले म्हणाले, अशी ओळ छापली तर आमच्या मालकीवर प्रश्न येतो, परवानगी रद्द. रॉय अडकला. तुम्ही ढिम्म. आणि आपण सहा वर्षं भांडलो.

सहा वर्षं, दर शुक्रवारी. मी कागदाच्या बाजूनं होते आणि त्याची मला लाज नाही. माझ्या बापाचा अंगठा जिथं सांगतील तिथं उमटायचा. ज्याच्याकडे वाचता येणारा कागद आहे त्यालाच जगात जागा आहे, हे मी पाहून आलेय. तुम्ही म्हणायचात, "अगो, तुझ्या बापाशीचो अंगठो असायचो तरी. हिचो तोय नाय." यावर मी जास्तच चिडायचे.

शेवटचा शुक्रवार. काकू झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, तळत होत्या. मुक्ता तुमच्या खोलीत रेकॉर्डचे आकडे भिंगातून वाचत होती. रॉयचं पुन्हा पत्र आलं होतं, त्याची तब्येत बरी नव्हती, एकदा ते गाणं निघालेलं बघायचं म्हणत होता. मी म्हटलं, ती ओळ सोडा काका, गाणं जाऊ द्या जगात. तुम्ही मान हलवलीत, नाही. आणि मी बोलले.

"तुम्हाला ते गाणं द्यायचंच नाहीये. ते एकट्याला पाहिजे तुम्हाला, पेटीत. ती बाई नुसतं निमित्त आहे."

काकूंचा झारा थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पहिल्या दिवशी दारात बघितलं होतं तसंच, नीट. म्हणालात, "मासे गार होतत. जेव."

मी जेवले नाही. मंगळवारी तुम्ही गेलात.

कागद मी केले. आणखी कोण करणार होतं? हॉस्पिटल, तुमची कंपनी, वकिलात, विमानाचं ऑफिस. कंपनीचे कागद फिरवणारा मंदूब माझ्याबरोबर होता, भला माणूस, पण मी कुठं काय लागतं ते त्याच्या आधी सांगत होते. सगळ्या कागदांवर ख़तम बसले, एकही सुटला नाही. विमानतळावर शेवटचा कागद खिडकीतून आत सरकवताना मी सवयीनं एकदा वाचला. नाव, पासपोर्ट, पेटीचं वजन. सगळं बरोबर होतं. मी तो नीट वाचला, काका, आणि त्यात तुम्ही कुठंच नव्हतात.

काकू तुम्हाला घेऊन गेल्या आणि सगळं उरकून घर आवरायला परत आल्या. मी रॉयला मेल केली होती. परवा त्याचं उत्तर आलं. मोठं उत्तर आहे. वर्कशॉपमधल्या टेपरेकॉर्डरपासून सगळं. आणि मधेच असं:

वसंतसारखा काळजी घेणारा संग्राहक मी पाहिला नाही, म्हणून त्या एका चुकीची त्याला फार लाज वाटत असावी. जगातली ती एकुलती रेकॉर्ड जुलै महिन्यात कुवेतमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर विसरला. आम्ही त्याला किती छळलं त्यावरून. इकडे सगळे त्याला डॅशबोर्डच म्हणायचे. बिचारा कधी एका शब्दानं उलटला नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग उठून किटली बंद केली, पाणी केव्हाचं उकळत होतं.

एक मजला आइसबॉक्समधून नेणारा माणूस. तुमच्या त्या सगळ्या दुनियेत, जिथं तुमचं नाव होतं, मान होता, जिथली माणसं तुमच्या आकडे वाचण्यावर विश्वास ठेवायची, तिथं तुम्ही आठ वर्षं डॅशबोर्ड होऊन राहिलात. आणि ती पत्रं मीच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत होते. त्या शुक्रवारी मी एवढं बोलले तेव्हा तुम्हाला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. तुम्ही म्हणालात, जेव.

काकूंना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ह्यांना, खरं सांगा रॉयला. तर म्हणाले, खालच्या पोरीचा नाव त्या लोकांच्या कानार पयल्यांदा जाताला, ता असा कशाक जावंक व्होया?" आणि मग काकूंनी आइसबॉक्स पुढे सरकवला. रेकॉर्ड तुझ्याकडे, म्हणाल्या. ठरवायचं तूच.

मी आज सकाळी गव्हाच्या पिठाची खळ केली. रेकॉर्डबरोबर काकूंनी दिलेली ती पट्टी तुमच्या चिमट्यानं धरली आणि तिच्या पाठीचा पापुद्रा पाण्याच्या थेंबानं सोडवून घेतला. दोन तास लागले, श्वास तुमच्यासारखाच थांबवून. मग तो जिथला तिथं, सुलटा, लेबलवर बसवला. किंचित तिरका बसलाय. पण आता वाचायला आरसा लागत नाही.

मग रॉयला लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की रेकॉर्ड वसंत परब गाडीत विसरले नव्हते, त्यांनी आयुष्यात एकही रेकॉर्ड गाडीत ठेवलेली नाही. ती वाफेवर मी वाकवली. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि बी.कॉम.सकट. हे तुझ्या सगळ्या लोकांना वाचून दाखव, असंही लिहिलं.

आणि त्याच्याखाली अट लिहिली, तुमचीच. ती एक ओळ छापणार असाल तर रेकॉर्ड घेऊन मी स्वतः येते, नसाल तर नाही. त्यानं उत्तरासोबत पाठवलेल्या फॉर्मवर रेकॉर्डचा मालक म्हणून सही मागितली होती. तो शब्द खोडला आणि लिहिलं, सध्या सांभाळणारी. ख़तम मारला नाही.

तुमचं पटलं म्हणून लिहिलं, असं समजू नका. मला अजूनही वाटतं की कागद लागतो, आणि तुम्ही असतात तर येत्या शुक्रवारी मी पुन्हा भांडले असते. फक्त एवढं झालंय की माझ्या चुकीवर आठ वर्षं तुमचं नाव चिकटवलेलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. नाव कुणी झाकलं तर वरच्या नावाला किती सोसावं लागतं आणि खालच्याला किती कमी कळतं, ते मला आता ठाऊक आहे. त्या बाईनं कुठल्या तरी घरात म्हातारपणी भाजी निवडताना हे गाणं गुणगुणलं असेल आणि तिलाही पत्ता नसेल की एका समुद्राकाठच्या इमारतीत एक माणूस तिच्या नावासाठी सहा वर्षं अडून बसला होता.

संध्याकाळी रेकॉर्ड घेऊन मी आणि मुक्ता वर काकूंकडे गेलो. मुक्तानं मशीन लावलं, तुमच्या वजनांनी सुई तोलून. अकरा वर्षांची झालीय, तुम्ही शिकवलेलं एक पाऊल चुकत नाही. गाणं सुरू झालं, ढोल पळायला लागले, माझ्या छतावरच्या तुमच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला. ती वाकलेली जागा आली, सुई चढली, आवाज डुलला. काकूंनी इतक्या वर्षांत हे गाणं स्वयंपाकघरातूनच ऐकलेलं. आज पहिल्यांदा समोर बसल्या होत्या.

गाणं संपल्यावर त्यांनी रेकॉर्ड हातात मागितली. चष्मा वर केला, तबकडी दिव्याकडे धरली आणि शाळेतल्यासारखं एक एक अक्षर लावत वाचलं.

"ओ-डे-सा प्रु-इट," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय गो, ही बाय खंय आसा?"